आमची वाटचाल : रंगमंचापासून शिकवणीपर्यंत

ऑपेरा गायिका म्हणून रंगमंचावर उभी राहत असतानाच मी शिकवू लागले आणि दौऱ्यांतून उरलेल्या वेळात चालणाऱ्या त्या शिकवणीतूनच आमची ही छोटी संस्था आकाराला आली. प्रयोगांचे उत्पन्न हंगामावर अवलंबून असल्याने बरेच गायक शिकवण्याकडे जोडधंदा म्हणून वळतात; मला मात्र या कामाची ओढ लागली आणि पुढे तेच मुख्य काम झाले.

शिकवताना आमच्यासमोर आदर्श आहे तो मान्युएल गार्सिया यांचा. या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरयंत्राची हालचाल पाहिली आणि पुढच्याच वर्षी ती निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. पण १८४१ मध्ये थकलेला आवाज घेऊन पॅरिसला आलेल्या स्वीडिश गायिका जेनी लिंडला त्यांनी आधी काही आठवडे गाऊच दिले नाही, ही गोष्ट मला त्या शोधाहूनही मोलाची वाटते.

वेर्दी किंवा वाग्नर या संगीतकारांच्या ऑपेरांतील जड भूमिका लगेच शिकवा, असा आग्रह धरणारे विद्यार्थी आमच्याकडे नेहमीच येतात. त्यांना आम्ही नकार देतो. त्यापायी काही जण सोडून गेले आणि सुरुवातीच्या काळात संस्थेला ते जडही गेले. आमच्याकडे सुरुवात श्वासापासून होते. विद्यार्थ्याने बरगड्यांवर हात ठेवायचा, श्वास भरून घ्यायचा आणि ‘स्स’ असा बारीक, एकसारखा आवाज काढत तो सोडायचा. हे करताना बरगड्या एकदम खाली बसता कामा नयेत. दमसास आला की एकच स्वर हलकेच लावून, फुलवत नेऊन पुन्हा हलका करायचा, आणि हे दिसते त्याहून फार कठीण आहे.

एवढी मेहनत घ्यायची, कारण ऑपेरात गायकाला एरवी मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदाच्या वर ऐकू जावे लागते. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास असतो आणि ३००० हर्ट्झच्या सुमारास तो बराच ओसरतो. कसलेल्या टेनरच्या (उंच पट्टीत गाणारा पुरुष) किंवा बॅरिटोनच्या (मध्यम पट्टीत गाणारा पुरुष) आवाजात नेमकी तिथेच धार असते. ती ओरडून येत नाही, घसा आणि स्वरयंत्र यांच्या योग्य ठेवणीतून येते.

आता नवशिक्यांचे वर्ग आमचीच एक जुनी विद्यार्थिनी घेते, आणि बोलून बोलून आवाज बसलेले शाळाशिक्षकही आमच्याकडे येऊ लागले आहेत. कोणाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर शिकवणी थांबवून आम्ही त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतो.