कॅमेरा विकला, हो. कंटाळा आला म्हणून नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत "एवढी भारी लेन्स होती, गॉडविटचे, त्या लांब चोचीच्या किनारी पक्ष्यांचे, फोटो काढायचीस, का सोडलंस?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रश्न पुरा व्हायच्या आधीच माझा चेहरा बदलतो. मग मी काहीतरी थातुरमातुर सांगते. पाठ दुखते, वेळ नाही वगैरे. पाठ तर आधीपासूनच दुखायची.

एप्रिलची सुरुवात होती, उधाणाची भरती. सगळा चिखल पाण्याखाली गेलेला आणि वाळूचा एक अरुंद पट्टा तेवढा कोरडा. त्यावर दोनेकशे बार-टेल्ड गॉडविट, कडेला थोडे कर्ल्यू, ते वाकड्या चोचीचे. नर विटकरी रंगावर आलेले, अगदी पोटाखालीपर्यंत, म्हणजे स्थलांतराला निघायची वेळ जवळ आलेली. बहुतेक सगळे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. मला बसलेले फोटो नको होते, ते माझ्याकडे ढिगाने होते. मला उडतानाचा हवा होता, पंखाखालची बाजू आणि शेपटीचे पट्टे एका फ्रेममध्ये. मी चालत पुढे गेले. एकेक मान वर व्हायला लागली, ह्याचा अर्थ मला कळत होता, मी स्वतः नवीन पोरांना शिकवायचे की माना वर झाल्या की थांबायचं. मी थांबले. आणि (हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं) टाळी वाजवली.

थवा उठला, दोन चकरा मारून परत तिथेच बसला, कारण दुसरीकडे कोरडी जागाच नव्हती. फोकस चुकला होता. परत टाळी. असं चार वेळा. चौथ्यांदा ते परत आलेच नाहीत, सरळ पाण्यावरून लांब निघून गेले, आणि भरती उतरायला अजून दोन तास होते.

घरी येऊन बघते तर हजारावर फ्रेम, आणि त्यातल्या एकीत, उजवीकडून तिसऱ्या पक्ष्याच्या पायावर फ्लॅग. रिंगिंगवाले, म्हणजे पक्षी धरून खूण घालून सोडणारे, पायात घालतात ना, रंगीत प्लास्टिकचा, त्यावर अक्षरं असतात आणि रंगावरून कुठे घातला ते कळतं, तो. प्रकाश मागून होता म्हणून रंग काळा दिसत होता आणि उडताना पाय शेपटीखाली ओढलेले, अक्षरं अर्धी पिसांत. मी झूम करत राहिले, पिक्सेल फुटले, शार्पन केलं, एक्स्पोजर वाढवला, रात्रीचे दोन वाजले. शेवटी रिंगिंगचं काम करणाऱ्या एका ओळखीच्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "मॅडम, खाली असताना बघितला असतात तर वाचता आला असता." माझ्यापासून साठेक पावलांवर तो अर्धा तास उभा होता हो. तो कुठून आलाय ते त्याच्या पायावर लिहिलेलं होतं आणि मी त्याला चार वेळा उडवला.

आता ह्यावर लगेच येतं ते, "उडाले तर काय झालं, पक्षीच आहेत, उडणारच." हे मीही म्हणायचे, तुमच्यापेक्षा मोठ्याने. पण हिशेब बघा. ओहोटीला जेवढे तास चिखल उघडा तेवढेच तास खाणं, चोचीच्या टोकाला इतक्या संवेदना असतात की न दिसणारा किडा चिखलात नुसत्या स्पर्शाने सापडतो, आणि बाकी चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडून तो धरता येतो. भरतीला झोप. ह्या महिन्यात जे खाल्लं त्याची चरबी करायची, कारण पुढे पंपच नाहीये. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम 5 महिन्यांचं एक गॉडविट अलास्काहून निघून 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडत टास्मानियाला उतरलं, मध्ये कुठेही न थांबता, सॅटेलाइट टॅग होता म्हणून कळलं. समुद्रावर बसून दम खायला ते बदक नाही. असल्या उड्डाणाआधी हे पक्षी आतडी, गिझर्ड (अन्न दळणारं पोट), लिव्हर आकसून घेतात, वजन कमी करायला. जो प्राणी स्वतःच्या आतड्याचं ओझं मोजतो त्याला मी फुकट चकरा मारायला लावत होते.

पण खरं सांगू का, माझ्यातली ती जुनी फोटोवाली अजून भांडते, आणि तिचा मुद्दा लेचापेचा नाहीये. ती म्हणते, तुझ्या टाळीने कोण मेलं दाखव. मारतात त्या समुद्र अडवणाऱ्या भिंती. दक्षिण कोरियात सेमनगमला 33 किलोमीटरची भिंत 2006 मध्ये सांधली गेली, चिखलाचं मैदान समुद्रापासून तुटलं, प्रवासात तिथे थांबणारे ग्रेट नॉट (हेही चिखलावरचेच पक्षी) हजारोंनी नाहीसे झाले, आणि शेजारच्या किनाऱ्यांवर काही तेवढे वाढले नाहीत, उलट ते पुढे जातात त्या ऑस्ट्रेलियातल्या मोजणीतही आकडा पडला. चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्राची निम्म्याहून जास्त चिखलमैदानं पन्नास वर्षांत गेली. चीनने 2018 मध्ये समुद्रात धंद्यासाठी घालायच्या भरावावर बंदी घातली, 2019 मध्ये काही किनारा जागतिक वारशात आला, ते झालं कशामुळे? लोकांनी मोजलं, नकाशे काढले आणि फोटो दाखवले म्हणून. फोटो, कळलं का, असं ती म्हणते. ह्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. भिंत मी बांधली नव्हती एवढंच म्हणता येतं, आणि ते बोलतानाही पळवाट वाटते.

आता जुना सेकंडहँड स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) आहे, लांब बांधावर बसून मोजते. सुधारले वगैरे अजिबात समजू नका. गेल्या महिन्यात पुन्हा उधाण होतं, पुन्हा तसाच पट्टा, आणि एका मादीच्या (चोच लांब, रंग फिका) पोटाच्या पिसांतून केशरी काहीतरी डोकावत होतं. फ्लॅगच होता, पण तोच पाय वर घेतलेला. दीड तास मी स्कोपला डोळा लावून बसले, ती एकाच पायावर, डोळे मिटलेले, मध्येच अर्धवट उघडायची, परत मिटायची. पाणी उतरायला अजून तासभर. नुसतं उठून उभी राहिले असते तरी तिने पाय खाली टेकला असता.

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, शप्पथ. पाणी उतरायच्या आधीच उजेड गेला आणि कोड वाचायचा राहिला तो राहिलाच.