थैलीतलं वजन

प्रयोगशाळांतले तराजू तपासणं हे माझं काम. चार दशांश स्थळांपर्यंत ग्रॅम दाखवणारे, काचेच्या कपाटात बसलेले तराजू. दार उघडं राहिलं आणि समोर कुणी जोरात श्वास सोडला, तरी आकडे पळायला लागतात. त्यांच्यावर ठेवायची माझी वजनं एका पेटीत असतात, एक ग्रॅमपासून दोनशे ग्रॅमपर्यंत, प्रत्येक आपापल्या खाचेत. हाताने उचलायची नाहीत, चिमट्यानेच. ती पेटी मी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवतो आणि तिला पट्टाही लावतो. घरचे हसतात.

माझी आणखी एक सवय आहे आणि ही गोष्ट खरं तर तिचीच आहे. आमच्या मंडळीत दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते आणि संदेश द्यायची पाळी बऱ्याचदा माझ्यावर येते. मी धर्मशास्त्र शिकलेला नाही. म्हणून कामातून उदाहरणं शोधतो आणि खिशातल्या वहीत टिपून ठेवतो. प्रभू येशू खमिरावर बोलला, मोहरीच्या दाण्यावर बोलला, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईवर बोलला. मग मी तराजूवर का बोलू नये?

बऱ्यापैकी जमतं मला ते. इलेक्ट्रॉनिक तराजू मोजतो तो खाली ओढणारा जोर, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ते ९.७८, ध्रुवांजवळ ९.८३. म्हणून तराजूची जागा बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. यावर मी एकदा बोललो होतो, की जागा बदलली की माणसालाही देवासमोर पुन्हा शून्यावर यावं लागतं. लोक खूश झाले. लोकांपेक्षा मी जास्त.

त्या दिवशी संध्याकाळी सातला सभा होती, पाळी माझी होती आणि वहीचं पान कोरं होतं.

सकाळी गेलो ती औषधांचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा. तराजू सांभाळणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. तराजू रात्रभर चालू ठेवलेला होता, खालच्या लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्यावर होता, कोपऱ्यात मऊ ब्रश टांगलेला होता. इतकं नीटनेटकं फार ठिकाणी दिसत नाही. मी पेटी उघडली, वजनं खोलीच्या तापमानाला येऊ दिली आणि कामाला लागलो. वीस ग्रॅम, बरोबर. पन्नास, बरोबर. शंभर ग्रॅमला चौथ्या स्थळावर एकाचा फरक, म्हणजे नसल्यासारखाच.

दोनशे ग्रॅम ठेवलं. २००.००२३.

काढलं, शून्य केलं, पुन्हा ठेवलं. २००.००२३. तिसऱ्यांदाही तेच. दोन मिलिग्रॅमहून जास्त चूक, आणि त्या कामासाठी मुभा होती एका मिलिग्रॅमची.

"असं कसं होईल?" मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी आमचं वजन ठेवून बघते मी. आजही बघितलंय." त्यांनी रजिस्टर पुढे केलं. २००.०००१. कालचं २००.००००. त्याच्या आदल्या दिवशीचं तसंच.

"तुमचं वजन एफ१ वर्गाचं आहे मॅडम," मी म्हणालो. "माझं ई२. त्याची मुभा ०.३ मिलिग्रॅम, तुमच्याची एक. वरच्या दर्जाचं वजन सांगेल ते खरं मानायचं."

"एकदा दुसऱ्या वजनांनी बघता का? तुमच्याच पेटीतल्या?"

आता इथे थांबायला हवं. शंभर, पन्नास, वीस, दुसरं वीस आणि दहा अशी पाच वजनं एकत्र ठेवली की दोनशे होतात. पेटीत वीसची दोन वजनं असतात, त्यांतल्या एकावर ओळखायला ठिपका असतो. पाच मिनिटांचं काम. शिवाय तराजूचा स्पॅनच, म्हणजे शून्यापासून वरपर्यंतची सगळी मोजपट्टीच, बिघडला असता, तर शंभरावर त्याच्या निम्मी चूक दिसायला हवी होती, आणि शंभर तर चोख होतं. हे मला माहीत होतं. नवीन मुलांना मीच शिकवतो हे.

पण मी म्हणालो, "मॅडम, सगळेच असं म्हणतात."

आणि तराजूवर लाल कागद चिकटवला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं, तराजू दुरुस्त करून घ्यायचा. तसं नसतं. तराजू नापास झाला की मागच्या तपासणीपासून त्याच्यावर केलेलं प्रत्येक वजन संशयात येतं. जुन्या नोंदी काढाव्या लागतात, अहवाल पुन्हा पाहावे लागतात, आणि रोज बघत होतात तर दिसलं कसं नाही, हा प्रश्न एकाच माणसाला विचारला जातो. मॅडम काही बोलल्या नाहीत. रजिस्टर मिटून त्यांनी ते छातीशी धरलं, एवढं मला आठवतं.

मी इतक्या घाईत का होतो, तर त्याच क्षणी मला संध्याकाळचा संदेश सापडला होता. गाडीत बसल्या बसल्या वही काढली. बायबलमधलं नीतिसूत्रे ११:१. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, खरं वजन त्याला प्रिय आहे. खाली लिहिलं: रोज स्वतःला स्वतःच्याच वजनाने तोलणारा माणूस. रोज बरोबरच येणार. बाहेरचं, वरच्या दर्जाचं वजन आल्याशिवाय चूक कळणार कशी? ते वजन म्हणजे वचन. 'वजन' आणि 'वचन' एका ओळीत बसले म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

मोबाइलवर जोडीची वचनंही शोधली. बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकातलं २५:१३ सापडलं. थैलीत दोन तऱ्हेची वजनं, एक जड आणि एक हलकं, बाळगू नका. मूळ इब्री भाषेत तिथे वजनासाठी 'दगड' असा शब्द आहे, कारण तेव्हा व्यापारी घासून नेमके केलेले दगडच थैलीतून नेत. शेकेल या त्यांच्या मापाचा दगड सुमारे ११ ग्रॅमचा. असे दगड उत्खननांत सापडलेही आहेत. माहिती छान होती, तीही टिपली. त्या वचनात तराजूचं नावसुद्धा नाही, जे काही आहे ते थैलीबद्दल आहे, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

दुपारी दुसरी प्रयोगशाळा. दुसऱ्या कंपनीचा तराजू, वेगळी खोली, वेगळा माणूस. वीस बरोबर, पन्नास बरोबर, शंभर बरोबर.

दोनशे. २००.००२३.

दोन वेगवेगळे तराजू एकाच ठिकाणी बिघडू शकतील एक वेळ. पण शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे? माझ्या कानशिलांना गरम वाफ लागल्यासारखं झालं. तिथल्या मुलाने विचारलं, "काय झालं सर?" मी काही नाही म्हणालो.

मग ती पाच वजनं एकेक करून ठेवली. शंभर, पन्नास, वीस, ठिपक्याचं वीस, दहा. २००.०००१.

दोनशेचं वजन चिमट्यात धरलं आणि दिव्याखाली हळूच तिरकं केलं. वरून, बाजूने आरशासारखं लखलखीत. तळ मात्र मी कित्येक आठवड्यांत पाहिलेला नव्हता; तळ कोण बघतो? तिथे एक धूसर कडं होतं, तेलाचा डाग सुकल्यासारखं, आणि त्यात काळे बारीक कण रुतलेले. पेटीतल्या खाचेत टाचणी टोचून पाहिली. तळाचा फोम जुना होऊन, ओलाव्याने मऊ पडून, चिकट झाला होता. टाचणी बाहेर काढताना त्याची तार आली. वजनाला धक्का लागू नये म्हणून घातलेला फोम. बाकीची वजनं हलकी होती आणि त्यांच्या खाचा अजून कोरड्या होत्या. सगळ्यात जड तेच रोज त्याच्यात रुतून बसत होतं.

दुपारच्या त्या भेटीचं पुढे काय झालं ते लांबवत नाही. त्या मुलाला खरं काय ते सांगितलं, काम अर्धवट ठेवलं, आणि सकाळच्या प्रयोगशाळेत फोन लावला. मॅडम जागेवर नव्हत्या. "त्या चौकशीत बसल्यात," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

घड्याळात पावणेपाच वाजले होते. परत गेलो तर सातची सभा चुकणार हे दिसत होतं. खोटं कशाला सांगू, मनात आलं की उद्या सकाळी लवकर जाऊ. सभाही देवाचंच काम आहे. आणि नेमकं ते वचन समोर उभं राहिलं, मत्तय ५:२३, वेदीपाशी दान आणलेल्या माणसाचं. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे त्याला आठवतं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा, असं त्याला सांगितलंय. मी या वचनावर दोनदा बोललोय. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच माणसं होती.

गाडीत बाजूच्या सीटवर ती पेटी होती, पट्टा लावलेली.

आमच्या धंद्यात एक प्रसिद्ध किस्सा आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्हरला ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल. त्याच्यासारख्याच केलेल्या प्रती पुढे त्याच्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा शंभरेक वर्षांत त्यांच्यात आणि मूळ दंडगोलात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला निघाला. बदललं कोण, प्रती की मूळ? सांगता येत नव्हतं, कारण मूळ जे भरेल तोच किलोग्रॅम, अशी व्याख्याच होती. तो चुकणं शक्यच नव्हतं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बांधला गेला आणि त्या दंडगोलाची ती गादी गेली. मी हा किस्सा हसत हसत सांगतो. त्या दुपारपर्यंत तो दंडगोल मी होतो.

आणि दुसरी आठवली ती नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट, दुसरं शमुवेल, बारावा अध्याय. श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून पाहुण्यासाठी कापली, हे ऐकून दावीद राजा भडकतो, असल्या माणसाला जगू देता कामा नये म्हणतो, आणि नाथान त्याला सांगतो, तो माणूस तूच. दावीदाला ती गोष्ट फार पटली होती. तो दुसऱ्या कुणाचा तरी न्याय करत होता ना, म्हणून पटली होती. माझ्या वहीतली उदाहरणं मी मनातल्या मनात उलटून पाहिली. उशिरा येणारा शिपाई, खाडाखोड करणारा कारकून, धूळ न पुसणारा टेक्निशियन, स्वतःच्या वजनाने स्वतःला तोलणारी बाई. कुसळंच कुसळं. एकाही पानावर मी नव्हतो. असलो तर तपासणारा म्हणून.

पोचलो तेव्हा मॅडम टेबलाशी होत्या. पुढ्यात रजिस्टरांचा ढीग, शेजारी दोन मुलं महिन्या-महिन्याच्या नोंदी वेगळ्या करत बसलेली. मी उभ्यानेच सांगितलं. तराजू बरोबर आहे, वजन माझं चुकीचं होतं, तळाला फोम चिकटला होता, तुम्ही म्हणालात तेव्हा बघायला हवं होतं, बघितलं नाही.

त्यांनी आधी त्या मुलांना "थांबा रे" म्हटलं. मग मला म्हणाल्या, "तो लाल कागद काढा आधी."

मी काढला. नखाने खरवडून, कारण कागदाचा कोपरा राहत होता.

मग त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. "काय झालं ते इथे लिहा. तुमच्या अक्षरात. वेळ टाका, सही करा. साहेबांनाही फोनवर तुम्हीच सांगा." मी लिहिलं. त्यांनी वाचलं, 'वजन चुकीचे आढळले' या वाक्यावर बोट ठेवलं. "कोणाचं वजन?" मी वर 'माझे' असं घातलं.

मी निघणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ही पेटी घेऊन आणखी कुठे कुठे गेला होतात?"

त्या बाईंचं डोकं माझ्याआधी तिथे पोचलं होतं. फोम एका रात्रीत चिकट होत नाही. गाडीत बसून मागची नोंद पाहिली. दोनशेचं वजन मागच्या पाच आठवड्यांत सात ठिकाणी वापरलं होतं. सहा ठिकाणी फरक मुभेच्या आत बसला होता. सातव्या ठिकाणी जास्त आला होता आणि मी तराजू माझ्या वजनाशी जुळवून दिला होता. म्हणजे चांगला तराजू हाताने बिघडवला होता. तिथल्या माणसाने मला दारापर्यंत सोडायला येऊन धन्यवाद दिले होते.

त्यावरही वहीत एक ओळ होती. सेवेबद्दल होती, एवढंच सांगतो.

प्रार्थनासभेला पोचलो तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. पाळकसाहेबांनी ऐन वेळी स्वतःच संदेश दिला होता. सभा सुटल्यावर चपला घालता घालता ते म्हणाले, "तुमची पाळी राहिली. पुढच्या आठवड्यात घेता का? तराजूवरचं काहीतरी ऐकायचंय सगळ्यांना."

"पुढच्या आठवड्यात नको," मी म्हणालो. "सात ठिकाणी जाऊन यायचंय."

"कामाला?"

"हो, कामालाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतला सगळा फोम चाकूने खरवडून काढला, दोनशेचं वजन पुन्हा प्रमाणित करायला पाठवलं, दुसरी पेटी मागवून घेतली, आणि त्या सातव्या माणसाला सगळ्यात आधी फोन केला.