दुपारीच बंद पडणारा रेडिओ

टॉवरवरच्या, बिनतारी डेटा पाठवणाऱ्या रेडिओची लिंक दुपारी तुटते आणि ऊन उतरले की आपोआप पूर्ववत होते, अशी तक्रार आमच्याकडे आली तेव्हा तिच्यामागे बराच इतिहास साचलेला होता. आधी काम पाहणाऱ्यांनी रेडिओ बदलून पाहिला होता, वारंवारता बदलली होती, समोरच्या टोकाचा अँटेना पुन्हा जुळवला होता आणि शेवटी ‘उन्हाने रेडिओ तापतो’ असे ठरवून त्याच्यावर पत्र्याची सावली केली होती. त्यातल्या कशानेही फरक पडला नव्हता.

टॉवरवर चढण्याआधी मी नोंदी वाचून काढतो. हवेतला अडथळा असेल तर सिग्नल खालावतो, पण रेडिओ चालूच राहतो आणि त्याचा अपटाइम, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, वाढत जातो. इथे प्रत्येक वेळी अपटाइम शून्यापासून सुरू झालेला होता आणि पायथ्याच्या स्विचच्या नोंदीत तेच पोर्ट त्याच क्षणी बंद होऊन पुन्हा चालू झालेले दिसत होते. म्हणजे रेडिओची वीजच जात होती. त्या पोर्टवरच्या सदोष फ्रेमची, म्हणजे बिघडून पोहोचलेल्या डेटाच्या तुकड्यांची, संख्या मात्र शून्य होती, आणि या शून्यामुळेच आजवर केबलवर कोणाचा संशय गेला नव्हता. दिवे लावून तारा तपासणाऱ्या टेस्टरनेही आठही तारा ठीक असल्याचे दाखवले होते. केबल डेटा बिनचूक नेते म्हणून ती वीजही पुरेशी नेत असेल, असे गृहीत धरण्याची सवय आमच्या व्यवसायात फार खोलवर रुजलेली आहे.

रचना नेहमीचीच होती. पायथ्याच्या खोलीत २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई अडॅप्टर (डेटाच्या केबलमधूनच वीज पाठवणारा), तिथून टॉवरच्या माथ्यापर्यंत एकच इथरनेट केबल आणि वर रेडिओ. १०० मेगाबिटच्या जोडणीत डेटासाठी दोनच जोड्या लागतात. उरलेल्या दोनपैकी पिन ४ आणि ५ वरच्या जोडीतून धन आणि ७ आणि ८ वरच्या जोडीतून ऋण बाजू वर जाते. केबलच्या आवरणावर दर मीटरला छापलेले दोन्ही टोकांचे आकडे वजा केल्यावर लांबी ९० मीटर निघाली. १०० मीटरच्या आत असल्यामुळे कागदोपत्री सारे नियमात बसत होते.

पण ही १०० मीटरची मर्यादा मुळात डेटाच्या सिग्नलसाठी आखलेली आहे. विजेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि २००३ साली आलेल्या ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात तो मांडलेलाही आहे. त्यात स्रोताने १५.४ वॅट द्यायचे आणि उपकरणाने १२.९५ वॅटच वापरायचे, असे बंधन आहे. मधले २.४५ वॅट म्हणजे ०.३५ अँपिअरचा प्रवाह २० ओहमच्या केबलमधून जाताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती होय. मानक लिहिणाऱ्यांनी केबलचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवला आहे, याचे मला आजही कौतुक वाटते. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पद्धतीत असा कोणताही करार नसतो. अडॅप्टर समोरच्या उपकरणाला काही विचारत नाही. तो तारांवर दाब (व्होल्टेज) सोडतो आणि वर किती पोहोचते ते केबलवर अवलंबून राहते.

बिघाड दुपारचा होता म्हणून मी मुद्दाम दुपारीच वर गेलो. चढण्यापूर्वी अडॅप्टर बंद करायला लावला, कारण चालू प्रवाहात कनेक्टर ओढला की पिनांवर ठिणगी पडते आणि सोन्याचा पातळ मुलामा जळतो. नंतर त्याच पिना दुखणे बनतात. कनेक्टर कोरडा होता, पिना स्वच्छ होत्या, पाणी शिरल्याची खूण नव्हती. लोखंडाला बांधलेली काळी केबल मात्र इतकी तापली होती की ती हातात धरवत नव्हती.

अडॅप्टर पुन्हा चालू करवून मी मोकळ्या टोकावर मल्टिमीटर लावला. २३.९ व्होल्ट. आधीच्या तपासणीतही हाच आकडा नोंदवलेला होता आणि ‘वीजपुरवठा ठीक’ असा शेरा त्याच आधारावर मारलेला होता. पण मोकळ्या टोकावर प्रवाहच वाहत नाही, त्यामुळे केबलचा रोध कितीही असला तरी दाब घटत नाही. असे मोजमाप केबलविषयी काहीच सांगत नाही.

माझ्याकडे दोन्ही बाजूंना सॉकेट आणि मध्ये आठही तारा स्क्रूखाली उघड्या असलेली एक छोटी पट्टी असते. ती केबल आणि रेडिओ यांच्यामध्ये जोडली, मल्टिमीटरच्या पिना स्क्रूंवर टेकवल्या आणि रेडिओ सुरू होऊ दिला. स्वस्थ बसलेला असताना २०.७ व्होल्ट दिसत होते. खालच्या सहकाऱ्याचा फोन चालूच होता. “सर, डेटा सोडू का?” त्याने विचारले. “सोड, आणि मी सांगेपर्यंत थांबवू नकोस,” मी म्हणालो.

पुढचा अर्धा मिनिट मी त्या छोट्या पडद्यावरून नजर हलवली नाही. २० च्या खाली, मग १८, मग १७.१. तिथे आकडा थोडा घुटमळला, १६.५ वर आला, रेडिओचे दिवे एकदम गेले आणि मीटर उसळून २३.९ वर जाऊन थांबला. काही सेकंदांनी रेडिओ पुन्हा सुरू होऊ लागला, तसा आकडा परत उतरू लागला. इतक्या चर्चेचा विषय झालेला तो बिघाड माझ्या समोर, माझ्या सांगण्यावरून घडला होता.

ही घसरण शेवटी इतकी तीव्र का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. रेडिओच्या आतला, दाब बदलून देणारा कन्व्हर्टर ठरावीक शक्ती मागतो. दाब कमी मिळाला तर तो जास्त प्रवाह ओढतो, जास्त प्रवाहामुळे केबलमध्ये आणखी दाब पडतो, आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे तशी स्थिती होते. एका मर्यादेपलीकडे ती केबल मागितलेली शक्ती पोहोचवूच शकत नाही.

मग अडॅप्टर बंद करून मी वरच्या टोकाला वीज नेणाऱ्या चारही तारा एकत्र जोडल्या आणि सहकाऱ्याला खालून जाण्या-येण्याचा एकूण रोध मोजायला सांगितले. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा जाता १३.५ ओहम आला. चोवीस गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंशांना १०० मीटरमागे सुमारे ८.४ ओहम असतो; दोन तारा समांतर धरल्या की तो निम्मा होतो आणि जाणे-येणे मिळून पुन्हा तितकाच. म्हणजे ९० मीटरला साधारण ७.६ ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे साठ अंश तापलेली केबल धरली तरी नऊच्या आत राहायला हवे होते. साडेतेरा ओहमचा खुलासा तांब्याने होणे शक्य नव्हते.

कनेक्टर कापून मी एक तार पात्याने खरवडली. वरचा तांबूस थर सहज निघाला आणि खाली पांढुरकी चमक दिसली. ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची तार होती, ज्याला आमच्याकडे सीसीए म्हणतात. आवरणावर ‘कॅट ५ई’ असे ठळक छापलेले होते, पण या वर्गाच्या केबलमध्ये तांबेच असावे असे मानक सांगते. अशा तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. जास्त वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागालगत वाहतो, तिथे तांबे असते, म्हणून डेटाची तक्रार येत नाही. वीज मात्र तारेच्या पूर्ण जाडीतून वाहते आणि फसवणूक तिथेच उघडी पडते. ज्याने ही केबल पुरवली त्याने पैसे वाचवले असतील, पण त्याची किंमत दुसऱ्याच कोणी दुपारमागून दुपार मोजली, आणि हे मला मनापासून चुकीचे वाटते.

दुपारचे कोडेही इथेच सुटले. सकाळी केबल थंड असताना, रेडिओ चालू राहायला लागणारे साधारण १६ व्होल्ट टिकवून ती रेडिओला जेमतेम पावणेअकरा वॅट देऊ शकत होती, आणि रेडिओची कमाल मागणी १० वॅटची होती. उन्हात रोध वाढल्यावर हीच क्षमता साडेनऊच्या आसपास येत होती. त्यात दुपारीच डेटाचा भार चढत असल्यामुळे रेडिओ सर्वाधिक शक्ती नेमकी त्याच वेळी मागत होता.

अडॅप्टर ४८ व्होल्टचा लावा, असे खालून सुचवण्यात आले. तो थेट रेडिओला दिला असता तर रेडिओ जळाला असता, कारण तो २४ व्होल्टसाठीच बनलेला होता. पण कल्पनेचे मूळ योग्य होते: दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि केबलमधला अपव्यय चौथाईवर येतो. म्हणून त्या दिवशी खाली ४८ व्होल्ट आणि वर रेडिओजवळ, पाणी न शिरणाऱ्या पेटीत, ४८ चे २४ करणारा कन्व्हर्टर बसवला. त्याच तापलेल्या केबलवर पूर्ण भार टाकूनही कन्व्हर्टरपाशी ४४ व्होल्टच्या वर मिळत राहिले. हा उपाय तात्पुरताच होता. अ‍ॅल्युमिनियमची तार टॉवरच्या वाऱ्यात वाकून वाकून तुटते आणि कनेक्टरपाशी गंजते.

नंतर तिथे बाहेरच्या वापराची, जाड आवरणाची, निखळ तांब्याची केबल ओढली आणि कन्व्हर्टर काढून घेतला. पुन्हा भर दुपारी, पूर्ण भारावर, रेडिओपाशी १९.५ व्होल्ट मोजले. त्या संस्थेच्या इतर टॉवरांवरही त्याच पुरवठादाराची केबल असल्याचे जुन्या कागदांतून कळले. तिथली अंतरे कमी असल्यामुळे अजून तक्रार आली नव्हती, पण रोध मोजल्यावर तिथेही आकडे दीडपटच आले, आणि सर्वांत लांब केबलपासून सुरुवात करून त्या बदलायला घेतल्या.