शिनोंमधलं 'रेनोव्हे' घर: बोट भिंतीवर फिरवून बघा

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने तासाभरात सँ-पिएर-दे-कोर. तिथून तूरमार्गे शिनोंची छोटी गाडी. ती पाऊण तासात पोचवते, पण दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ आधीच टिपून ठेवायची. स्टेशनवरून जुन्या गावात पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. डावीकडे व्हिएन नदी, उजवीकडे कड्यावर किल्ला. जोन ऑफ आर्क १४२९ मध्ये फ्रान्सच्या सातव्या चार्ल्स राजाला भेटली ती इथेच.

रू व्होल्तेर आणि तिच्याच पुढची रू ओत-सँ-मोरिस या दोन गल्ल्या म्हणजे जुनं गाव. काही घरं लाकडी चौकटीची, बाकी फिकट पिवळसर त्युफो दगडाची. एजंटांच्या काचेवर अशा घरांचे फोटो लावलेले असतात. तुळया, षटकोनी लाल तोमेत फरशी, दगडी शेकोटी आणि खाली 'रेनोव्हे', म्हणजे नूतनीकरण केलेलं, हा शब्द. आम्ही असंच एक तीन मजली घर पाहायला गेलो. नव्या किचनला दोन मिनिटं पुरली. उरलेला तास तळमजल्याच्या भिंतीपाशी गेला.

त्युफो हा मऊ चुनखडी दगड. करवतीने कापता येतो, आणि त्याच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. जमिनीतलं पाणी तो वातीसारखं वर ओढतो. उघड्या किंवा चुन्याचा गिलावा केलेल्या भिंतीतून ते हवेत उडून जातं. पण कुणी खालच्या मीटरभर भागाला सिमेंट फासलं, की पाण्याची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडतं. सोबत आलेले क्षार दगडाच्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. या घरातही सिमेंटच्या कडेच्या बरोबर वर, हातभर पट्ट्यात, बोट फिरवलं तर पिठासारखी भुकटी लागत होती. वरून नवा पांढरा रंग होता, म्हणून फोटोत काहीच दिसलं नव्हतं. नाणं वाजवून बघा, पोकळ जागा लगेच बोलते. भिंतीवर जिप्समचे बोर्ड ठोकलेले असतील तर नाण्याचाही उपयोग नाही. तिथे मागे काय आहे ते मालकाच्या बिलांवरूनच कळणार.

दुरुस्ती वेळखाऊ आहे, अवघड नाही. सिमेंट पूर्ण खरवडायचं आणि भिंत काही महिने, जमल्यास एक उन्हाळा, उघडी सुकू द्यायची. मग चुन्याचे तीन हात: पातळ शिपका, जाड थर, शेवटचा बारीक हात. चुना एनएचएल २ (नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, आकडा ताकदीचा) घ्यावा. एनएचएल ५ त्युफोपेक्षा कडक पडतो आणि दगडालाच खातो. प्रमाण एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू. भिंत आधी ओली करायची आणि तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवायचं. चुन्याच्या घाणीतला गारा ज्यांनी वाड्यात पाहिला आहे, त्यांना यात नवं काही वाटू नये.

छत थेट पुण्याच्या कडीपाटासारखं: ओकच्या तुळया, वर फळ्या. तुळई मधोमध नाही, भिंतीत शिरते तिथे कुजते. टोकाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा. खाली ताजा पिवळा भुसा दिसला तर किडा अजून जिवंत आहे. छपरावर स्लेट, म्हणजे आपल्या पाटीचाच दगड. ती धरणारे आकडे गंजले की पाट्या एकेक करून घसरतात. आकडे स्टेनलेस आहेत का, हे विचारायचंच.

कागद मात्र कंटाळा न करता वाचावेत. गाव संरक्षित क्षेत्रात येत असल्यामुळे खिडक्या, रंग, छप्पर बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते आणि राज्याच्या वास्तुतज्ज्ञाचं मत घेतलं जातं. पूर्वीच्या मालकाने गुपचूप प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर ती डोकेदुखी घरासोबत तुमच्याकडे येते. परवानगीची प्रत मागा. नूतनीकरणाच्या मोठ्या कामावर १० वर्षांची हमी असते, आणि मालकाने काम स्वतःच्या हाताने केलं असलं तरी विकताना ती त्याच्यावर राहते. बिलं नाहीत असं कळलं की किंमत तिथेच पाडून मागावी. १९४९ पूर्वीच्या घराला शिशाच्या रंगाचा अहवाल लागतो. ऊर्जा वर्ग (घर किती ऊर्जा खातं त्याची ए ते जी श्रेणी, जी सगळ्यात वाईट) ई, एफ किंवा जी असेल, तर विक्रीआधी स्वतंत्र ऊर्जा तपासणीही बंधनकारक आहे. जी वर्गातलं घर २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाही. भाड्याचं गणित मांडून येणाऱ्यांनी हे आधी बघावं.

हिशेबही सांगून ठेवतो. समजा किंमत ३,००,००० युरो, तर नोटरी (खरेदीखत करणारा सरकारी अधिकारी) आणि करांचे साधारण ७ ते ८ टक्के, म्हणजे २१ ते २४ हजार, वेगळे. प्राथमिक करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला १० दिवस विनाकारण माघार घेता येते. अंतिम दस्त साधारण तीन महिन्यांनी. भारतातून पैसे पाठवणाऱ्याला एलआरएसची (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. शेंगेनच्या (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या) पर्यटन व्हिसाचे १८० दिवसांत ९० दिवस तेवढेच.

शेवटी मागचं दार. घराची पाठ कड्याला टेकलेली आहे आणि आत खडकात कोरलेलं तळघर जातं. आत गारवा, वाइनसाठी उत्तम, भिंतींवर जुन्या हत्यारांचे तिरपे घाव. जाहिरातीत ते 'काव्ह' म्हणून मिरवतं. आम्ही पावलं मोजली, तर तळघर घराच्या हद्दीपलीकडे, वरच्या शेजाऱ्याच्या बागेखाली गेलेलं निघालं. फ्रेंच कायद्यात जमीन ज्याची, खालचंही त्याचंच, असं गृहीत धरतात. वेगळा दस्त असेल किंवा दीर्घ काळाच्या ताब्याने मालकी सिद्ध झाली, तरच अपवाद. भूमापनाचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो घेऊन नोटरीला विचारा: कुठपर्यंतचं तळघर दस्तात आहे, आणि छत खचलं तर खर्च कोणाचा?