मी नो सावे

रविवारी पहाटे साडेपाचला माझा ऑनलाइन वर्ग भरतो. तेव्हा पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू या बेटांच्या देशात सकाळचे अकरा वाजलेले असतात. तिथल्या राजधानीतल्या, पोर्ट विलामधल्या बाई फ्रेश दिसतात, आणि इकडे गोव्यातल्या चोडण बेटावर मी केस न विंचरता, कॅमेऱ्यात फक्त कपाळ दिसेल अशी बसते.

बावीस वर्षं प्रयोगशाळेत मलेरियाच्या स्लाइड बघितल्या. पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुरांच्या सगळ्यात जास्त. आता वर्षभरासाठी व्हानुआतूला स्वयंसेवक म्हणून जायचंय, त्याचंच हे प्रशिक्षण. नेमकं बेट अजून ठरायचंय. शेजारची वहिनी म्हणते, "बेटावरून उठून बेटावरच चाललीस की!" खरं आहे, पण आमची फेरीबोट चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते, आणि मयेच्या बाजूने पूलही आहे. तिकडे ऐंशीहून जास्त बेटं, आणि लांबच्या बेटांवर बोट कधी येणार हे समुद्राच्या मर्जीवर.

मला वाटलं होतं, प्रशिक्षण म्हणजे परजीवी ओळखण्याची उजळणी. त्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण पहिला गृहपाठ आला तो असा: वीज नाही, नळ नाही, असं धरून एक स्लाइड पूर्ण करा.

मग निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याकडून जुना सूक्ष्मदर्शक आणला. दिव्याऐवजी खाली आरसा असलेला. परसात स्टूल टाकलं. रक्त नवऱ्याच्या बोटातून (तो अजून कुरकुरतोय). जाड थेंब तसाच वाळवला, पातळ थर मिथेनॉलमध्ये बुडवला, इथपर्यंत हात आपोआप चालले. गिम्सा, म्हणजे स्लाइड रंगवायचा रंग, मात्र मी विहिरीच्या पाण्यात कालवला आणि सगळी स्लाइड गुलाबट झाली. पाणी आम्लाकडे झुकलं की असंच होतं, हे मी किती शिकाऊ पोरींना ऐकवलं असेल! पावसाचं पाणी साठवून त्यात आम्लता स्थिर ठेवणारी बफरची गोळी विरघळवली, पीएच ७.२ झाला, तेव्हा पांढऱ्या पेशींचं केंद्रक व्यवस्थित जांभळं उठलं. परजीवी नसला तरी रंग जमला की नाही हे त्यावरून कळतं. बाई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा."

वर्गाचा दुसरा अर्धा भाग भाषेचा. तिथे शंभराहून जास्त भाषा आहेत, आणि सगळ्यांना जोडणारी बिस्लामा. "मला माहीत नाही" याला बिस्लामात "मी नो सावे". पहिला शब्द तर आपलाच निघाला! मी मोठ्याने घोकत होते तर ओसरीवरून सासरे, आमचे भाऊ, आत आले. "कितें म्हणटा ती?" गोवा मुक्तीच्या आधी ते पोर्तुगीज चौथीपर्यंत शिकलेले. 'सावे' ऐकून म्हणाले, "अरे, हा तर साबेर!" पोर्तुगीजमध्ये साबेर म्हणजे माहीत असणं. पुढे मुलाला 'पिकिनिनी' म्हणतात हे सांगितलं तर ते हसत सुटले, शाळेतल्या बाई लहान पोरांना 'पेकेनिनु' म्हणायच्या म्हणे. खलाशांच्या तोंडून पोर्तुगीज शब्द कुठवर गेले बघा. आता दर रविवारी भाऊ चहाचा कप घेऊन माझ्या मागे बसतात. बाईंना वाटतं, माझ्या घरी दोन विद्यार्थी आहेत.

हीच जागा का निवडली, असं अर्जात विचारलं होतं. मी व्हानुआतूतल्याच अनेत्युम बेटाचं लिहिलं. सातशेच्या आसपास वस्तीचं बेट. १९९१ साली तिथल्या सगळ्यांनी आठवड्याला एकदा अशी नऊ आठवडे औषधं घेतली, औषध लावलेल्या मच्छरदाण्या बांधल्या, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले, आणि काही वर्षांत मलेरिया हटला. मी बावीस वर्षं एकेक स्लाइड मोजत बसले. अख्खं गाव एका दिवशी गोळ्या घ्यायला रांगेत उभं राहतं, हे चित्र डोक्यातून जाईना.

परवा तिसरी स्लाइड केली. 'निगेटिव्ह' लिहायच्या आधी तेलातल्या भिंगाखाली निदान १०० क्षेत्रं बघायची असतात. एकसष्ट झाली आणि ऊन माडाआड गेलं. आरसा फिरवला, स्टूल हलवलं, शेवटी आख्खं बिऱ्हाड तुळशीजवळ नेलं. तेवढ्यात भाऊ विचारायला आले की उजेड गेल्यावर तिकडे काय करणार.

"मी नो सावे," म्हटलं, आणि स्लाइड डबीत ठेवली.