माठ फोडून घेतलेला तास

धुळ्यातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात मी मुलांना माहिती सांगते. सहा वर्षं पद्धत एकच. रांग लावायची, कपाटासमोर उभं राहायचं आणि पाठ झालेलं बोलायचं : प्रकाशे गाव, तापी-गोमाईचा संगम, १९५५ चं पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांचं उत्खनन, ताम्रपाषाण काळ, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरण्याचा काळ. मुलं माना हलवायची आणि पुढच्या कपाटाकडे सरकायची.

गेल्या वर्षी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. परवानगीतच दीड महिना गेला, ते असो. पहिल्या दिवशी प्रत्येकीने एका वस्तूवर दहा मिनिटांचा तास घ्यायचा होता. मी खापरीवर, म्हणजे जुन्या मातीच्या भांड्याच्या तुकड्यावर बोलले. शिकवणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "मुलं कधी बोलली?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथे मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन आणि संग्रहालयात शिकवणारे फिलिप येनवाइन यांची पद्धत शिकले. ती मुळात चित्रं बघण्यासाठीची. इथे काय चाललंय, असं कशावरून म्हणतोस, आणखी काय दिसतंय, एवढे तीनच प्रश्न. खापरीत काही 'चाललेलं' नसतं, म्हणून मी पहिला प्रश्न 'काय दिसतंय?' असा केला. सगळ्यात जड गेलं ते 'शाब्बास, बरोबर' न म्हणणं. एकाला शाब्बासकी मिळाली की बाकीची गप्प होतात. म्हणून मुलाचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि थांबायचं.

पण हातात द्यायला काहीतरी हवं होतं. मूळ खापरं चाळीस मुलांच्या हातात देता येत नाहीत, आणि देऊही नयेत. आठवडे बाजारातून दोन माठ आणले, टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडले आणि काठाचे तुकडे बाजूला काढले. पुठ्ठ्यावर कंपासने एकाच केंद्राची वर्तुळं काढली, एकेक सेंटिमीटर वाढवत. उत्खननातल्या खापरीवरून भांड्याच्या तोंडाचा व्यास असाच काढतात. तुकडा काठाकडून पुठ्ठ्यावर पालथा धरायचा आणि त्याचा बाक ज्या वर्तुळाशी जुळेल तो व्यास.

जिल्हा परिषद शाळेची सहावीची मुलं आली. एका गटाचा व्यास आला २४ सेंटिमीटर. त्याच माठाचा तुकडा घेतलेल्या दुसऱ्या गटाचा १६! उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण मी गिळलं. "कशावरून?" एक मुलगा गुडघे टेकून, गाल पुठ्ठ्याला लावून बघत बसला. मग ओरडला, "मॅडम, खाले उजेड दिखी ऱ्हायना!" खालून उजेड दिसत होता, म्हणजे तुकडा तिरका धरला होता. काठ आणि पुठ्ठ्यामधली फट बुजेपर्यंत त्याने तो हळूहळू उभा केला, आणि बाक २४ वर जाऊन बसला.

त्यानंतर सावळदा खापरांच्या कपाटापाशी मी काहीच सांगितलं नाही. तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव पडलेली ही मातीची भांडी, वर काळ्या रंगात काढलेले मासे आणि बाणांची टोकं. एक मुलगी म्हणाली, "नदीजवळची माणसं असतील." कशावरून? तिने माशाकडे बोट केलं. तेवढ्यात उजेडवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, याचं तोंड केवढं?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज दिला आणि जपणूक बघणाऱ्या सरांसमोर, फोमवर ठेवून, त्या खापरीच्या काठाचा बाक कागदावर उतरवून घेतला. त्याचा पुठ्ठा कापून ठेवलाय. १८ मेच्या संग्रहालय दिनाला तो मुलगा येणार आहे, मोजायला.