ला उल्तिमा

गुरुवार, रात्री

आज त्या बाईंना मी "नाही, नाही" म्हणाले. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

इथल्या, स्पेनमधल्या वालेन्सियाच्या मंडईत रांग दिसत नाही. गाळ्यासमोर पाच-सहा बायका कशाही उभ्या असतात. कुणी गप्पा मारतंय, कुणी शेजारच्या गाळ्यावरची अंडी निरखतंय. नवीन आलेली बाई आल्या आल्या विचारते, "ला उल्तिमा?" म्हणजे शेवटची कोण? जी असेल ती म्हणते, "यो." मी. झालं. तिच्यानंतर आपला नंबर, एवढं लक्षात ठेवायचं आणि खुशाल इकडेतिकडे फिरायचं. चिठ्ठी नाही, दोरी नाही, आणि इतक्या दिवसांत नंबरावरून भांडण मी एकदाही पाहिलं नाही. माझ्या मुलाने, चिनूने, पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हापासून ही पद्धत मला इतकी आवडलीय, की नुसतं ते ऐकायला मी भाजीच्या गाळ्यांपाशी जाऊन उभी राहते.

आज तशीच उभी होते. माझ्याच वयाची एक बाई चाकांची पिशवी ओढत आली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "ला उल्तिमा?" मी दोन पावलं मागे सरले. हात हलवला. नाही, नाही. ती हसली आणि पुढच्या बाईकडे वळली.

तिला मी गिऱ्हाईक वाटले होते. हातात पिशवी नव्हती तरी वाटले. आणि मीच सांगून टाकलं, मी कुणी नाही.

वास्तविक या मंडईत मी किती सुखात असते! वालेन्सियाला आल्यापासून रोज सकाळी इथे. लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची ही इमारत 1928 सालची, 8,000 चौरस मीटरांच्या वर पसरलेली. मधल्या घुमटातून ऊन खाली उतरतं ते नेमकं भाज्यांवर. आपली पुण्याची मंडई 1886 सालची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे. तिथेही मधोमध उभं राहून वर बघायची सवय होतीच मला. इथले टोमॅटो भोपळ्यासारखे वळ्यावळ्यांचे, हिरवट खांद्यांचे. माशांच्या बाजूला जिवंत वाम वळवळत असते, अल्बुफेरा तळ्याकडची माणसं तिचा लसणाचा रस्सा करतात म्हणे. जाळीच्या पिशव्यांत गोगलगायी. केशर. चुफाच्या कंदांचं थंडगार दुधाळ ओर्चाता, ते मी रोज एक पेला पिते, गोड असलं तरी. डॉक्टरांना सांगणार नाही.

बघायला इतकं आहे. पण घ्यायचं काही नाही. सून नेहा आठवड्याची भाजी फोनवरून मागवते, दर मंगळवारी खोकं दारात येतं. "आई, तुम्ही आराम करा." तिच्या बोलण्यात खोट नाही, मला माहीत आहे. पण तीस वर्षं मी घरासाठी भाजी आणली. दोन पिशव्या, एक माझ्या हातात, एक यांच्या. यांच्या पिशवीत बटाटे-कांदे, कारण... असो.

मंडईसमोरच्या सांतोस खुआनेस चर्चवर एक पक्षी आहे, वाऱ्याने फिरणारा. चिनूने त्याची गोष्ट सांगितली. पूर्वी आरागोन प्रांताकडचे गरीब बाप मुलांना घेऊन इथे यायचे, कुणा व्यापाऱ्याकडे चिकटवता येईल या आशेने. मुलाला म्हणायचे, तो वरचा पक्षी बघ, नीट बघ. पोरगं मान वर करून बघत राही, तेवढ्यात बाप गर्दीत निघून जाई. आज त्या चौकात मी बराच वेळ मान वर करून उभी होते. पोरगं तिथे ऑफिसात, आई इथे बाजारात. रडू आलं. चष्मा पुसला आणि घरी आले.

शनिवार

गेले. या वेळी नेहाची कापडी पिशवी घेऊन गेले.

गाळा कालपरवाच ठरवून ठेवला होता. पांढऱ्या, चपट्या, अंगठ्याच्या नखाहून मोठ्या दाण्यांचा ढीग असतो तिथे. गार्रोफो. पाएया नावाच्या इथल्या भातात घालतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हाच म्हटलं, अगं, ही तर डबल बी! आपण किराण्यातून वाळलेली आणतो, रात्रभर भिजवतो. ओली डबल बी मी जन्मात पाहिली नव्हती. एक दाणा बोटांत धरला तर साल इतकी पातळ, की आतली शीर दिसते.

मोठ्याने विचारलं, "ला उल्तिमा?" आवाज जरा जास्तच मोठा निघाला. एक आजी म्हणाल्या, "यो." मी त्यांच्या मागे. मग एक तरुण मुलगी आली, कडेवर बाळ, तिने तेच विचारलं. मी म्हणाले, "यो."

बस. एवढाच शब्द. पुढची दहा मिनिटं मी अंडी बघितली, लाल वाळक्या मिरच्यांच्या माळा बघितल्या, आणि माझा नंबर ती मुलगी सांभाळत होती आणि तिचा मी.

गाळेवाली म्हणाली, "दीमे, रेइना." सांग, राणी. ती सगळ्यांनाच राणी म्हणते, ते मला ऐकून ठाऊक होतं. तरी. "उन क्वार्तो," पाव किलो. तिने तोललं, आणि वर पार्स्लीची एक जुडी टाकली. पैसे नाही घेतले. मला वाटत होतं मिरची-कोथिंबीर वर टाकण्याची रीत फक्त आपल्याकडची. हल्ली आपल्याकडे तरी कुठे टाकतात म्हणा.

उसळ केली. गोडा मसाला बरोबर आणला होताच. दाणे झटकन शिजले, लोण्यासारखे, पार्स्ली मात्र कोथिंबिरीची सर गाठत नाही. चिनूने दोनदा घेतली. नेहाने विचारलं, मंगळवारच्या खोक्यातून बीन्स काढून टाकू का? मी म्हटलं, नको, तुझं तू चालू ठेव. माझं पाव किलोचं आहे, चार दिवसांत उरलं तर उरलं. तीन आठवड्यांनी मी जाणारच आहे.

उद्या रविवार, मंडई बंद. लसूण संपत आलाय. सोमवारी.